जेलिंदोची उजळणी

५ नोव्हेंबर

जेलिंदोला आज इस्पितळातून घरी आणलं. रुग्णवाहिकेच्या दोघांनी त्याला खुर्चीसकट उचलून पायऱ्या चढवल्या. त्यातला टकला म्हणाला, "बाई, ओळखलंत का? तुम्ही मला दोनदा नापास केलं होतं." मी म्हटलं, "मग आता खुर्ची तरी नीट धर." या गावात माझ्या वर्गातून गेला नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही.

उजवा हात गेला आहे, उजवा पाय ओढत चालतो, आणि वाचा गेली. अगदीच गेली नाही, "ता" एवढं उरलं आहे. पाणी हवं असलं तरी ता, नको असलं तरी ता. जन्मभर कालव्याच्या पंपघरात यंत्रं सांभाळली, आता स्वतःची जीभ सांभाळता येत नाही. डॉक्टर म्हणतात, त्याला सगळं समजतं, फक्त शब्द सापडत नाहीत.

वाचेचे उपचार करायला पादोव्हा शहरातली एक मुलगी नेमली आहे, डॉक्टर झानेल्ला. चुणचुणीत आहे, शब्दोच्चार स्वच्छ. निघताना तिने विचारलं, "घरी कुठली भाषा बोलतात हे? इकडची बोली बोलतात का? लहानपणी काय बोलायचे?" मी सांगितलं, "आमच्या घरात बोली बोलत नाहीत. शुद्ध इटालियन बोलतात." तिने मान हलवली आणि तसं टिपून घेतलं. जेलिंदो माझ्याकडे बघत होता. त्याचं तोंड जरा वाकडं झालं आहे, त्यामुळे हसतो आहे की काय ते कळत नाही.

आठवड्यातून दोनदा चित्रं दाखवून ही मुलगी काय दिवे लावणार? सगळ्या गावाला बोलायला मी शिकवलं. नवऱ्याला मीच शिकवीन.

७ नोव्हेंबर

आजपासून वर्ग सुरू. सकाळी, कॉफीच्या आधी, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी. तो खिडकीकडे तोंड करून कालव्याकडे बघत बसतो. मी खुर्ची फिरवून भिंतीकडे केली. लक्ष उडतं.

सुरुवात अनियमित क्रियापदांनी. झानेल्लाला कळलं तर म्हणेल, आधी सोपं घ्या. माझा अनुभव वेगळा आहे. नियमित क्रियापदं एकदा साचा कळला की कुठलंही गाढव चालवतं. पण ज्या क्रियापदांशिवाय माणसाचं पान हलत नाही, असणे, जाणे, हवे असणे, मरणे, ती नेमकी सगळी वाकडी. ती ज्याला आली त्याला भाषा आली.

'जाणे' घेतलं. इओ वादो, मी जातो. तू वाई. लुई वा. इथवर सरळ, आणि 'आम्ही'ला आलं की धातू एकदम कूस बदलतो, नोई आंद्यामो, वोई आंदाते. 'ते'ला आलं की पुन्हा मूळ वळणावर, लोरो वान्नो. सावकाश दोनदा म्हणून दाखवलं. मग म्हटलं, "चल. इओ..."

"ता."

"वादो. वरचे दात खालच्या ओठावर. वा-दो."

"ता."

कॉफी गॅसवर वर आली होती, घरभर वास सुटला होता. मी म्हटलं, वादो म्हण आणि कॉफी घे. शेवटी कॉफी थंड झाली, मी ती मोरीत ओतली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण या आजारात ते उगाचही येतं असं डॉक्टर म्हणाले होते. शाळेतही मी पहिल्या दिवशी असंच करायची. बाई मागे हटत नाहीत हे एकदा पोरांना कळलं की पुढचं वर्ष सोपं जातं.

११ नोव्हेंबर, संत मार्टिनचा सण

नाने आला होता, भाजलेले चेस्टनट आणि नव्या दारूची बाटली घेऊन. हा जेलिंदोचा पंपघरातला जोडीदार. तिसरीतून शाळा सोडलेला माणूस, तोंड उघडलं की बोलीच. पण याचा बाप न्हावी होता आणि याचा हात हलका आहे, म्हणून जेलिंदोची दाढी करायला मी त्याला दर शनिवारी यायला सांगितलं आहे. तेवढ्यात माझं चर्च आणि बाजार दोन्ही होतं.

परत आले तेव्हा आतून हसण्याचा आवाज येत होता. दार उघडलं तर दोघे गप्प. जेलिंदोच्या अर्ध्या गालाला साबण होता.

"बाई," नाने म्हणाला, "सुपात मीठ न्हाई, म्हनतोय."

"कोण म्हणतोय?"

"ह्यो."

"नाने, त्याला 'ता'शिवाय काही म्हणता येत नाही."

नानेने वस्तरा पुसला. जेलिंदोकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बरं. मग ता म्हनला असंल."

माणूस म्हातारा झाला की मनकवडा होतो, असा याचा समज दिसतो. सूप चाखून बघितलं. मीठ खरंच कमी होतं.

२६ नोव्हेंबर

वादो!

आज सकाळी म्हणाला. ओठ थरथरत होते, थुंकी उडाली, पण 'वादो' स्वच्छ आला. मी टेबलावरून उठून त्याच्या कपाळाचा मुका घेतला, मग कॉफी दिली आणि कॅलेंडरवर आजच्या चौकटीत चार गुण लिहिले. दहापैकी चार म्हणजे नापासच, पण शून्यावरून चार. शाळेतली माझी पेन्सिल अजून आहे, एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. लाल चूक म्हणजे किरकोळ, निळी म्हणजे अक्षम्य. चार निळ्याने लिहिले, शिस्त म्हणून.

हा काही पहिल्यांदा शिकत नाही माझ्याकडे. लग्न झालं तेव्हा याच्या तोंडात एक शब्द धड नव्हता. हेडमास्तर आमच्याकडे जेवायला आले आणि याने त्यांना आपल्या बोलीत विचारलं, आनि वाढू का जी? त्यांच्याबरोबर आलेल्या शिक्षिका खाली मान घालून हसल्या. दुसऱ्या दिवसापासून मी नियम केला. टेबलावर बोलीत काही मागितलं तर मिळणार नाही. ब्रेड नाही, मीठ नाही, वाइन नाही. महिना-दोन महिने उपाशी उठायचा बिचारा, मग शिकला. नंतर त्याने चूक केल्याचं मला आठवत नाही. तसा तो बोलायचाही कमीच.

माझी आई ईल मासे विकायची, डोक्यावर टोपली घेऊन, दारोदार ओरडत. मी कुठून कुठे आले ते मला माहीत आहे. म्हणून मी कोणाला सवलत देत नाही.

८ डिसेंबर

मिरेल्ला बोलोन्याहून आली. आल्या आल्या बापाच्या गळ्यात पडून रडली, मग कॅलेंडर बघितलं आणि माझ्यावर उखडली.

"आई, हे गुण कसले? ते काय तुझ्या वर्गात आहेत?"

"मग कुठे बसवू? बारमध्ये?"

"अगं, किती वाळलेत बाबा. आणि खुर्ची अशी भिंतीकडे का?"

"खिडकीकडे केली की 'तू वाई'च्या पुढे सरकत नाही."

 मग तिने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि सांगितलं. मार्चमध्ये झानेल्ला शेवटची तपासणी करणार. थोडंफार बोलता आलं तर उपचार पुढे चालू राहतील, मदतीला बाई मिळेल, बाबा घरी राहतील. नाही आलं तर कालव्यापलीकडच्या वृद्धाश्रमात जागा होते आहे, तिने नाव घालून ठेवलं आहे. "तुला उचलवत नाही त्यांना. उद्या दोघं पडलात तर मला फोन कोण करणार?"

मी म्हटलं, मार्चपर्यंत तो बोलेल.

ती गेल्यावर मी वही उघडली. इथे लिहायला हरकत नाही, मला या घरात एकटीला राहायचं नाही. त्याचा पाय फरशीवर घासत येतो तो आवाज ऐकू आला की मला बरं वाटतं. हे मिरेल्लाला मी सांगितलं नाही. त्यालाही नाही.

१५ डिसेंबर

झानेल्लाला मी अभिमानाने ऐकवलं. वादो, वाई, वा, तिन्ही सलग. वाटलं, पोरगी थक्क होईल. ती गोड हसून म्हणाली, "बाई, छान. पण पाठ म्हणणं म्हणजे बोलणं नव्हे. प्रार्थना, आकडे, वारांची नावं मेंदू वेगळीकडे ठेवतो. ज्यांना एक शब्द बोलता येत नाही तेही सोमवार-मंगळवार घडाघडा म्हणतात. यांना तहान लागली हे सांगता आलं पाहिजे."

मी म्हटलं, "मला पाणी हवंय, यातलं 'हवे असणे' अनियमितच आहे. तेही पाठ करावंच लागतं."

 तिने मागे फिरून जेलिंदोचा चांगला हात हातात घेतला आणि त्याच्याशी हळूहळू बोलत बसली. आजकालच्या मुलींना हात धरणं म्हणजे शिकवणं वाटतं.

६ जानेवारी

आज सणाचा दिवस, पण पाद्रीबाबांना ताप आला आणि प्रार्थना आटोपती झाली. धुक्यातून चाचपडत लवकर घरी आले. बूट भिजले होते म्हणून बाहेरच काढले. त्यामुळे माझा आवाज झाला नाही.

स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. आत नाने होता आणि आणखी एक माणूस बोलत होता. मला आधी वाटलं, कोणी पंपघरातला जुना गडी आला. आवाज खालचा, सावकाश, पण सलग. एकावन्नच्या पुरात पंप कसा बंद पडला आणि कंबरभर पाण्यात उतरून कोणी पट्टा चढवला, ते सांगत होता.

"आरं, पट्टा चढिवला म्या, आन् नाव झालं विंजनेराचं," तो म्हणाला आणि दोघे हसले.

तो जेलिंदो होता.

मी दाराबाहेरच उभी राहिले. बोलीतच, प्रत्येक वाक्यात निळी चूक, पण एकदाही अडला नाही. पाणी, पट्टा, विंजनेर, कंबर, सगळे शब्द जागच्या जागी.

मग नाने म्हणाला, "लेका, येवढं बोलतुयास, मग बाईसंगं का न्हाई बोलत?"

"तिच्यासंगं?" तो थांबला. "तिला बोलनं न्हाई लागत, नाने. तिला उत्तर लागतं. तिच्याम्होरं त्वांड उघडलं की माजी जीभच लाकूड हुती."

"आन् आपल्या बोलीत बोल की."

"घरात? येडा का काय तू."

थोड्या वेळाने तो म्हणाला, "बाकी वाईट न्हाई ती. न्हाऊ घालती तवा हात लई गरम असत्यात तिचं."

मला रडू आलं. रागाने आलं, असं मी त्या वेळी ठरवलं. दोन महिने मी त्या माणसाच्या तोंडात एकेक अक्षर घालते आहे, आणि तो शनिवारी नानेबरोबर अख्खा पूर सांगतो. मी पुन्हा बाहेर गेले, बूट घातले, पाय आपटत आत आले. दोघे गप्प झाले.

जेलिंदो माझ्याकडे बघून म्हणाला, "ता."

१३ जानेवारी

नानेला दारातच थांबवलं. म्हटलं, आजपासून दाढी मी करीन.

"का वो, कापलं का कुटं म्या?"

"तू त्याच्याशी बोलीत बोलतोस. मेंदूत गोंधळ होतो त्याच्या. इटालियन यायचं ते अडतं."

"बाई, त्येला बोलाया मानूस लागतो."

"मी आहे ना."

"तुमी परीक्षक हाय," नाने म्हणाला.

तेव्हा मी सांगितलं की हा डॉक्टरीणबाईंचा हुकूम आहे. बोली पूर्ण बंद. त्याचा चेहरा उतरला. डॉक्टर म्हटलं की ही माणसं लगेच टोपी काढतात. "त्या म्हनल्या व्हय? मग ऱ्हायलं. म्या बरं व्हावं म्हनून येत हुतो, वाईट व्हाया न्हाई." टोपी हातातच धरून पायऱ्या उतरला.

हे खोटं होतं. पण झानेल्लाला विचारलं असतं तर तीही हेच म्हणाली असती, असं मला वाटतं. विचारलं नाही, कारण मग बोली येते हे सांगावं लागलं असतं.

२५ जानेवारी

आंद्यामो आलं. आंदाते आलं. पाच गुण.

दर शनिवारी तो दाराकडे बघत बसतो. मी दाढी करते तेव्हा डोळे मिटून घेतो. दोनदा कापलं.

२ फेब्रुवारी

आज तो पडला. सकाळी मी वर पलंगाच्या चादरी बदलत होते आणि खालून धाडकन आवाज आला. पायऱ्या कशा उतरले देव जाणे. तो मोरीपाशी आडवा पडला होता, कपाळावर रक्त. माझ्या तोंडून काय निघालं ते मला आत्ता लिहितानाही लाज वाटते.

"आगं माय माजे! जेलिंदा, कुटं लागलं रं? बोल की, कुटं लागलं?"

तो म्हणाला, "न्हाई लागलं. नगं रडू, एर्सी."

एर्सी. एर्सिलिया नाही, बाई नाही. लग्नाआधी कालव्याच्या बांधावर म्हणायचा तसं.

मला उचलवेना, म्हणून मीही खाली बसले, कपाटाला टेकून, त्याचं डोकं मांडीवर घेऊन. रक्त थोडंच होतं, ॲप्रनला पुसलं. तो म्हणाला, फरशी लई गार हाय. मी म्हटलं, मग ऊठ की, कुनी धरलंय. तो हसला. मग त्याने विचारलं, माझ्या आईची ती ईलची टोपली कुठे गेली. मी म्हटलं, माळ्यावर हाय, उंदरांनी खाल्ली आसंल. असं किती वेळ बसलो होतो कोण जाणे. शेजारीण आली आणि आम्ही दोघे उठलो.

गडबडीत तोंडातून गेलेलं मोजायचं नसतं. शाळेतही मी मोजत नसे.

३ फेब्रुवारी

सकाळी तो आपणहून टेबलाशी येऊन बसला. डोक्याला पट्टी. मी कॉफी चढवली. तो म्हणाला, "एर्सी, काफी दे की."

स्पष्ट म्हणाला. चेहरा असा उजळला होता, की मला खाली बघावं लागलं.

काल मी त्याला काय वाटू दिलं होतं ते माझ्या लक्षात आलं. आज दिलं तर उद्या पाव मागेल, परवा झानेल्लासमोर मागेल, आणि मग सगळं पहिल्यापासून. मी ऐकलं नाही असं दाखवलं. त्याच्याकडे पाठ करून म्हटलं, "इओ..."

तो बोलला नाही.

"इओ..."

पुष्कळ वेळाने मागून आवाज आला, "वादो." मी कॉफी ओतून त्याच्यासमोर ठेवली. त्याने ती प्यायली नाही. तशीच साय धरून राहिली, दुपारी मी फेकली.

२४ फेब्रुवारी

झालं. वर्तमान, अपूर्ण भूत, भविष्य, विध्यर्थ, संकेतार्थ. 'जाणे' पूर्ण, एका दमात, चूक नाही. आठ गुण, आणि पहिल्यांदा लाल टोकाने लिहिले. गावात कार्निव्हलचा कल्ला चालू आहे, पोरं कागदाचे तुकडे उडवत फिरताहेत. मी तळलेले गोड पापड केले होते त्याच्या आवडीचे. त्याने एक तोडला आणि ठेवून दिला.

आता त्याच्या तोंडून 'ता' निघत नाही. तेही बरंच झालं. वर्ग सोडून तो दिवसभर काही म्हणतच नाही. नानेच्या वेळचं हसणं नाही, पडला त्या दिवशीचं काही नाही. मी विचारते, पाणी हवं? तो मान हलवतो. मी विचारते, दुखतंय? मान हलवतो. इओ म्हटलं की मात्र सुरू होतो.

झानेल्ला म्हणाली ते मनात येतं कधीकधी. पण माझ्या अनुभवात जो पाठ करतो तो आज ना उद्या बोलतो.

९ मार्च

तपासणी झाली.

गाडीत मी त्याला बजावलं. "तिथे पंपघरातलं काही तोंडातून काढू नकोस. ती पादोव्हाची आहे. मला खाली बघायला लावू नकोस." तो खिडकीतून बाहेर बघत होता.

झानेल्लाने चित्रं मांडली. पेला, किल्ली, कुत्रा, बोट. "हे काय आहे, जेलिंदो?" तो चित्राकडे बघे, मग माझ्याकडे. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा. बोटीच्या चित्रावर त्याचे ओठ हलले. मी त्याच्याकडे बघितलं आणि ओठ थांबले.

मी म्हटलं, 'जाणे' विचारा. ती म्हणाली, नको बाई. मग तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. "मी एकदा विचारलं होतं, पुन्हा विचारते. काही जणांची शिकलेली भाषा जाते, पण लहानपणीची बोली शाबूत राहते. इथल्या या वयाच्या माणसांत तर हे खूप दिसतं. यांची बोली असेल तर आमची एक परिचारिका इकडचीच आहे, तिला आत बोलावते. ती दोन शब्द बोलली आणि यांनी उत्तर दिलं, तरी मी उपचार चालू ठेवीन. ते घरी राहतील. बोलावू?"

मला एक 'हो' म्हणायचं होतं. जेलिंदो माझ्याकडे बघत होता. तसं बघणं मी तो पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं होतं.

मनात आलं, परिचारिका म्हणजे माझ्याच वर्गातली कोणीतरी असणार. ती आत येणार, बोलीत विचारणार, आणि बाईंचा नवरा तिच्यासमोर पंपघरातल्या गड्यासारखा बोलणार. आणि पहिल्याच दिवशी मी जे सांगितलं ते खोटं ठरणार. पोरगी ते सगळं टिपून घेणार.

मी म्हटलं, "आमच्या घरात बोली नाही."

जेलिंदोने डाव्या हाताने बोटीचं चित्र उलटं करून टेबलावर ठेवलं. मग पेल्याचं. मग बाकीची. झानेल्ला बघत राहिली.

मी त्याला लाजेतून वाचवलं. त्याला ते कळत नसेल, पण वाचवलं. 

२९ मार्च

त्याला आज नेलं. मिरेल्ला गाडी घेऊन आली होती. तीन शर्ट, दोन पायजमे, दाढीचं सामान, लोकरी टोपी. दारात मी त्याची गुंडी लावली आणि म्हटलं, "एक शब्द बोल, अजून थांबवते त्यांना." तो माझ्या हाताकडे बघत राहिला. मग पाय ओढत पायऱ्यांकडे वळला.

घरात आवाज नाही. खिडकी उघडली तर कालव्यावर पंपाची घरघर ऐकू येते, एरवी मी ती कधी ऐकली नव्हती.

१४ एप्रिल

मिरेल्लाचा फोन. आधी ती रडते आहे की हसते आहे तेच कळेना.

"आई, बाबा बोलतात! अगं, घडाघडा बोलतात! तिथले सगळे म्हातारे बोलीत बोलतात ना, पहिल्याच आठवड्यात सुरू झाले म्हणे. नानेकाका रोज जातात. मला म्हणाले, मिरे, बारीक झालीस गं. माझं नाव घेतलं!"

मी म्हटलं, "अरे वा."

"आई." तिचा आवाज बदलला. "नानेकाका म्हणाले, बाबा नोव्हेंबरपासूनच बोलत होते. आणि डॉक्टरांनी बोली बंद करायला सांगितली होती. झानेल्ला म्हणते, तिने असं कधीच सांगितलं नाही. तुला माहीत होतं?"

मी म्हटलं, "नाही."

तिने फोन ठेवला.  त्यानंतर मी दोनदा लावला, तिने उचलला नाही.

२१ एप्रिल

आज मी गेले.

केक घेतला, केस करून घेतले, चांगला निळा कोट घातला. पुलावरून चालत गेले, लांब नाही. मनाशी ठरवलं होतं, जाऊन त्याच्याशी बोलीत बोलायचं. लोकांसमोर बोलायचं. पहिलं वाक्यही जुळवलं होतं, पुलावर दोनदा म्हणून बघितलं. कसा हायस रं, जेलिंदा. एवढंच.

मधल्या बोळातच त्याचा आवाज ऐकू आला. पत्त्यांवरून कोणाला तरी शिव्या घालत होता. "आरं मुडद्या, हुकूम दाबून बसलास व्हय इतका येळ!" आणि सगळे खदाखदा हसत होते. तो असा हसताना मी बांधावरच्या दिवसांनंतर ऐकला नव्हता. मी दाराशी जरा थांबले. वाटलं, आता आपणही आत जायचं आणि हसायचं.

मी आत पाऊल टाकलं. खिडकीपाशी टेबल, त्याभोवती चौघे, नाने पत्ते वाटत होता. कोपऱ्यात सुपाची भांडी गोळा करणारी बाई माझी जुनी विद्यार्थिनी निघाली. ती सवयीने ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "बाई आल्या."

सगळे गप्प झाले.

जेलिंदोने मान वर केली. मला बघितलं. त्याने पत्ते पालथे ठेवले, चांगल्या हाताने लुळा हात उचलून टेबलावर घेतला, दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवले, पाठ सरळ केली. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी त्याने सुरुवात केली.

"इओ वादो. तू वाई. लुई वा."

आवाज अगदी सपाट होता. आंद्यामो, आंदाते, वान्नो. मग अपूर्ण भूत. मग भविष्य. मी म्हटलं, "जेलिंदो, अरे..." तो थांबला नाही. विध्यर्थ. संकेतार्थ. कोणी हसलं नाही. नाने जमिनीकडे बघत होता. भांडीवाली बाई रडत होती, तिला काय झालं होतं ते मला कळलं नाही.

एकही चूक झाली नाही. मी आयुष्यात इतकं स्वच्छ कोणाचं ऐकलं नाही.

म्हणून झाल्यावर तो माझ्याकडे बघत राहिला. मुलं फळ्यापाशी उभी राहून बघतात तसं, आता जागेवर जाऊ द्या म्हणून. मी पुलावर जुळवलेलं वाक्य शोधत होते. ते सापडेना. तोंडात दुसरं काहीच आलं नाही, म्हणून मी म्हटलं, "बरोबर."

केक टेबलाच्या कडेला ठेवला आणि निघाले. मी दाराबाहेर पडेपर्यंत त्यांच्यातल्या कोणीही पत्ते उचलले नाहीत.